आखाजीचा चौथा भाग

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकच प्रश्न विचारतात. केबलच्या लोकल चॅनेलसाठी स्वतः काही बनवलं, तर ते शेजारच्या हेडएन्डला देता येतं का? उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. माहिती व प्रसारण मंत्रालयाने 30 नोव्हेंबर 2022 रोजी प्लॅटफॉर्म सर्व्हिसबद्दल (पीएस) जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांनुसार एमएसओच्या, म्हणजे मल्टी सिस्टम ऑपरेटरच्या, पीएस चॅनेलवरचा कार्यक्रम त्याच्याच नेटवर्कपुरता राहायला हवा. दुसऱ्या वितरकाला तो थेट देता येत नाही, आडमार्गानेही नाही. सूट फक्त धार्मिक स्थळांवरून होणाऱ्या थेट प्रक्षेपणाला आहे.

या कलमाने आम्ही स्वतः पोळलो आहोत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवसांवर आम्ही अहिराणीत चार भागांची मालिका केली होती. माहेरवाशीण एसटीतून उतरते तिथे पहिला भाग सुरू होतो आणि ती रिकामा झोका मागे ठेवून परत निघते तिथे चौथा संपतो. कलाकार म्हणजे दोन शिक्षक, एक कापूस व्यापारी, एक अंगणवाडी सेविका आणि आमच्याच वसुलीच्या मुलाची आई. तिसरा भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा बिलाला गेला, तर एका घरी म्हातारीने पैसे हातात धरून ठेवले आणि आधी विचारलं, "भाऊ, मंग पुढे काय व्हयनं?" इतक्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाईक पॅकेजच्या दराबद्दल भांडलं, बॉक्स बंद पडला म्हणून भांडलं. पुढचा भाग कधी, असं आम्हाला पहिल्यांदाच कुणी विचारलं.

सोयऱ्याधायऱ्यांकडून बातमी धुळ्याला गेली. तिकडच्या एका ऑपरेटरने चारही भाग मागितले आणि हार्ड डिस्क न्यायला माणूसही पाठवला. तो पारोळ्यापर्यंत आला असेल, तेवढ्यात आमच्या हिशेबनिसाने ते कलम समोर ठेवलं. फोन करून त्या माणसाला परत फिरवावं लागलं. ती डिस्क अजून आमच्या कपाटात आहे.

धुळ्याच्या एकवीरा देवीची आरती जळगावच्या बॉक्सवर दाखवता येते, मुक्ताईनगरचा सोहळा धुळ्याच्या बॉक्सवर दाखवता येतो, याचा आनंदच आहे. पण त्याच दोन जिल्ह्यांच्या एकाच बोलीतली गोष्ट हेडएन्ड बदललं की अडते, याला काय कारण? उपग्रह वाहिनीचा परवाना न घेता कुणी मागच्या दाराने राज्यभराची वाहिनी उभी करू नये, अशी मंत्रालयाला धास्ती असेल तर ती समजू शकते. त्यासाठी वर्षाला किती तास देवाणघेवाण चालेल याची मर्यादा घाला. बाकीचा बंदोबस्त त्याच तत्त्वांत केलेला आहे. प्रत्येक पीएसची नोंदणी होते, पडद्यावर तशी पट्टी असते, ईपीजीत वेगळा गट असतो, नव्वद दिवस रेकॉर्डिंग सांभाळावं लागतं, तक्रार जिल्हा समितीपुढे जाते. एवढं असताना चार भागांची गोष्ट एका तारेला बांधून ठेवायची गरज काय? स्थानिक गरजेसाठी प्रत्येक जिल्ह्याला दोन जादा पीएस चॅनेल याच तत्त्वांनी दिले आहेत. पण मुकटी-फागण्याला जिल्हा बदलला म्हणून बोली बदलत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि तिकडे बागलाण-मालेगावपर्यंत ती चालते. 2001 च्या जनगणनेत खानदेशी सांगणारे 20 लाख 75 हजार होते, 2011 मध्ये 18 लाख 60 हजार राहिले. भाषा घटत असताना तिच्यातल्या गोष्टीला नेटवर्कची कुंपणं घालू नका, एवढंच आमचं मागणं आहे.

चारच भाग का, मोठी मालिका का नाही, असंही काहींनी विचारलं आहे. कारण शेवट आधी ठरला की प्रत्येक प्रसंगाला काम उरतं. गोविंद निहलानींनी 'तमस' दूरदर्शनसाठी पाच तासांच्या आत संपवली. ती 1988 ची, पण अजून अंगावर येते. 'चेर्नोबिल' पाच भागांची आहे. 'द रेल्वे मेन' चार भागांत भोपाळची ती रात्र सांगते. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या आमच्या ग्राहकांनी ती पाहिली, तेव्हा स्टेशनमास्तरच्या खोलीतल्या प्रत्येक उपकरणावर त्यांच्यात वाद झाले. मराठीत 2024 साली आशिष बेंडे यांनी 'मानवत मर्डर्स' आठ भागांत आटोपली. परभणी जिल्ह्यातलं एक गाव आणि एक तपास, त्यापलीकडे ती भरकटत नाही. यातली एकही मालिका टीआरपी आहे तोवर ताणायची म्हणून लिहिलेली नाही.

आपल्याला तर दुसरा पर्यायच नाही. आपले कलाकार रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंतच मोकळे असतात. तेवढ्या दिवसांत चार ते सहा भाग होतात. दोनशे होत नाहीत, आणि व्हायची गरजही नाही.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. ज्यांच्याकडे पीएसची नोंदणी आहे, त्यांतले कितीतरी जण दिवसभर गाणी आणि खाली दुकानांच्या जाहिरातींची पट्टी चालवतात. काही जण हक्क न घेता नवे सिनेमे लावतात आणि नोटीस आली की संघटनेकडे धाव घेतात. अशा सभासदांची बाजू यापुढे हे मासिक मांडणार नाही. गिऱ्हाईक फ्री डिशकडे आणि मोबाईलकडे चाललं आहे, आणि गाण्यांच्या पट्टीने ते परत येणार नाही. कलमाविरुद्ध निवेदन घेऊन गेलो आणि अधिकाऱ्याने विचारलं की तुमच्याकडे द्यायला आहे काय, तर हातात काहीतरी असलं पाहिजे.

विषय आपल्या दारात आहेत. 14 एप्रिल 1944 ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. सातारच्या प्रतिसरकारची माणसं आणि खानदेशातले भूमिगत त्यात एकत्र होते, रक्कम सुमारे साडेपाच लाख. बेत, रस्ता, लूट, पाठलाग आणि नंतर घराघरांतून लपणं, यांतून सहा भाग उभे राहतात. आजोबांकडून ऐकलेल्या हकिकती सांगणारी माणसं त्या पट्ट्यात अजून भेटतात. त्यांच्याकडे या वर्षीच गेलं पाहिजे.

म्हणून विनंती. 'स्वतः निर्माण केलेले कथात्मक व सांस्कृतिक कार्यक्रम एका भाषापट्ट्यातील वितरकांना परस्परांत देता यावेत' अशा दुरुस्तीचा मसुदा याच अंकात मधल्या पानावर छापला आहे. तो लेटरहेडवर टाइप करून, सही-शिक्का मारून या महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. सोबत तुमच्या कपाटात पडलेल्या डिस्कची यादी जोडा: कार्यक्रमाचं नाव, भाग किती, मिनिटं किती. चिमठाण्याच्या सहा भागांचं पहिलं वाचन अमळनेरला ठेवू, म्हणजे जळगावकरांना आणि धुळेकरांना दोघांनाही सोयीचं पडेल. लिहिणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला सोबत घेऊन या.