पाण्याच्या वाटेवरील घरे

नोकरीनिमित्त अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी बिऱ्हाड हलविणारा माणूस वस्ती निवडताना शाळा, कचेरीचे अंतर आणि भाडे पाहतो. वास्तविक तेथे पहिली चौकशी पाण्याच्या वाटेची करावयास हवी.

शहराच्या पश्चिमेस ॲडिक्स व बार्कर ही धरणे १९४० च्या दशकात बांधली गेली. जलाशय तुडुंब भरल्यास जी जमीन बुडणार, ती सर्व सरकारने संपादन केली नाही. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती उठल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात धरणांमागील हजारो घरांत पाणी शिरले. दरवाजे उघडताच खालच्या वस्त्याही बुडाल्या. २०१९ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने धरणांमागील हानीबद्दल सरकारला जबाबदार धरले. परंतु निकालाने भिजलेला संसार कोरडा होत नाही.

भूवापराची विभागणी करणारा कायदा ह्यूस्टनच्या मतदारांनी १९९३ मध्येही नाकारला. या मोकळिकीने घरे स्वस्त राहतात, हा समर्थकांचा दावा निराधार नाही. मात्र चौकशीचा भार त्यामुळे नवागतावर पडतो. टेक्सासने २०१९ पासून विक्रेत्यावर आणि २०२२ पासून घरमालकावर पुराची माहिती लेखी देण्याचे बंधन घातले, हे योग्यच झाले. तथापि घराच्या नेहमीच्या विम्यात पुराची भरपाई नसते. तो विमा वेगळा उतरवावा लागतो.

प्रश्न उरतो तो अल्प मिळकतीच्या कुटुंबाचा. स्वस्त भाड्यापायी सखल भागात राहणाऱ्याला माहिती मिळूनही निवड कोठे आहे? धोक्याची सूचना देणे हे शासनाचे पहिले कर्तव्य होय, अखेरचे नव्हे.