युनियनने कारखाने बुडवले काय?

कामगार संघटनांनी कारखाने बुडवले आणि जागतिकीकरणाने हैदराबादला नोकऱ्या दिल्या, हे विधान आपल्या काचीगुडा-सुलतानबाजारच्या बैठकांत इतक्या निःशंकपणे केले जाते की त्यास पुरावा मागणे हा शिष्टाचारभंगच ठरावा. तो येथे करणे मला भाग आहे.

पुराव्यादाखल बहुधा मुंबई पुढे केली जाते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले व गिरण्या संपल्या. कथा सुटसुटीत आहे. परंतु त्या संपाची मागणी केवळ पगारवाढीची नव्हती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेच्या हाती ठेवला होता. तो कायदा रद्द व्हावा, हीही मागणी होती. शिवाय कापडाचा धंदा त्यापूर्वीच यंत्रमागाकडे वळू लागला होता. भिवंडी, मालेगाव आणि आपल्या तेलंगणातील सिरसिल्ला येथे माग चालले. तेथे संघटना दुबळी, पाळी बारा तासांची. मजुरी वाढली काय? सिरसिल्ल्याच्या विणकरांच्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या. संघटना हटली की सुबत्ता येते, असे म्हणणाऱ्यांनी आधी या गावाचा हिशेब द्यावा.

आता घरचीच उदाहरणे पाहू. बोधनचा निझाम साखर कारखाना संस्थानी काळातला, 1937 चा. 2002 मध्ये त्याची 51 टक्के मालकी खासगी हाती गेली आणि डिसेंबर 2015 मध्ये तो बंद पडला. टाळे व्यवस्थापनाने लावले, कामगारांनी नव्हे. बालानगरचा आय.डी.पी.एल. हा सोव्हिएत साहाय्याने उभा राहिलेला सरकारी औषध कारखाना. ही कंपनी 1992 मध्ये आजारी उद्योगांत गणली गेली. तेथे पूर्वी काम केलेल्या डॉ. अंजी रेड्डी यांनी 1984 मध्ये डॉ. रेड्डीज स्थापन केली, हे सर्वश्रुत आहे. ज्या औषध उद्योगाच्या जोरावर हे शहर आज जगाच्या बाजारात मिरवते, त्याचे शिक्षण सरकारी पैशाने झालेले आहे. जागतिकीकरणाचे भक्त हे सोयीस्करपणे विसरतात.

त्या उद्योगातील शेवटच्या पायरीवर कोण आहे? 2003 मध्ये आंध्र प्रदेशाने कंत्राटी कामगार कायद्यात दुरुस्ती करून साफसफाई, पहारा, मालाची चढ-उतार अशी अनेक कामे कंत्राटाने करून घेण्याची वाट मोकळी केली. (शासनसेवेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला अशा दुरुस्त्यांची भाषा ओळखीची असते, ‘सुलभीकरण’ या शब्दापाशी सावध व्हावे.) 30 जून 2025 रोजी पाशमैलारमच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे मेली. त्यांत परप्रांतातून पोटासाठी आलेले मजूर कितीतरी होते. असा मजूर ‘येथे धोका आहे’ हे कोणाच्या बळावर म्हणणार?

राहिला प्रश्न माधापूरचा. 1998 मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले आणि आपल्या घरांतील मुलांचे कल्याण झाले, हे मान्य. दुर्मीळ कौशल्याला भाव मिळाला. परंतु कौशल्य मुबलक होताच काय घडले? मोठ्या कंपन्यांतील नवागताचा वार्षिक पगार दहा-बारा वर्षे तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळत राहिला. तेवढ्यात घरभाडे कुठल्या कुठे गेले. त्या काचेच्या इमारतींत संघटना नावालाच आहे.

संघटनांचे दोष मी झाकत नाही. एका कारखान्यात पाच झेंडे, निवडणुकीची शिडी म्हणून कामगारांचा वापर, हे सारे घडलेले आहे. पण संघटनांना नावे ठेवणाऱ्या आपल्यातील निवृत्तांनी आपल्या पासबुकाकडे एकवार पाहावे. महागाई भत्ता, वेतन सुधारणा आयोग, निश्चित निवृत्तिवेतन हे कोणाच्या औदार्याने मिळाले नाही. त्यामागे एन.जी.ओ. संघटनांचे मोर्चे व लेखणीबंद संप होते. राज्याने 1 सप्टेंबर 2004 नंतर नेमलेल्यांना ते निश्चित निवृत्तिवेतन नाकारले, आणि आपण फारसे बोललो नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कामगार कमी करण्यास वा कारखाना बंद करण्यास शासनाची परवानगी पूर्वी शंभर कामगारांपासून लागे, ती मर्यादा आता तीनशेवर गेली आहे. संपासाठी मात्र सर्वच उद्योगांत चौदा दिवसांची आगाऊ नोटीस हवी. पुढील बैठकीत चर्चा व्हायची असेल, तर ती या दोन कलमांवर व्हावी.