सुस्वागतम्‌ची पाटी

दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचता येईल असे काहीतरी हलकेफुलके द्यावे, असा आपल्याकडे संकेत आहे. संपादकांनी मजकडे मागितली होती ती कथाच. परंतु या वर्षी कथेच्या आधीच माझ्या हातून एक कल्पित वाक्य लिहून झाले, ते लोकांसमोर मांडलेही गेले, आणि ते काही मला स्वस्थ बसू देत नाही. तेव्हा कथा पुढच्या वर्षी. यंदा भांडण.

ते वाक्य असे: ‘आमचे संकेतस्थळ दृष्टिहीन व अन्य दिव्यांग बंधुभगिनींसह सर्वांना सारख्याच सुलभतेने वापरता येते.’ आमच्या गावच्या एका मोठ्या कापडदुकानाच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी ते आजही झळकते आहे. दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी. श्रावणात त्याचा फोन आला. “सर, कायदा आता कडक होणार म्हणतात. आम्ही एका कंपनीला काम दिलंय, ती सगळं बघते. मराठीतल्या चार ओळी तेवढ्या तुमच्या हातच्या हव्यात.” लेखकाला ‘तुमच्या हातच्या’ म्हटले की तो विरघळतो. मी पाच मिनिटांत वाक्य दिले. ते खरे आहे की खोटे, हे विचारण्याचे मला सुचलेही नाही. चार दिवसांनी दुकानातून माझ्या पत्नीसाठी एक साडी आली.

नवरात्रात दुसरा फोन आला, तो त्याच वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा. हा मुलगा शाळेत असतानाच रातांधळा होता. रेटिनायटिस पिगमेंटोझा नावाच्या विकाराने त्याची दृष्टी हळूहळू गेली, आणि विशीनंतर ती संपलीच. आज तो पुण्यात एका कचेरीत नोकरी करतो. दिवसभर संगणकावरच काम करतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्यात नवल काही नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली असते, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यांतली एनव्हीडीए नावाची आज्ञावली २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केली आणि ती जगाला फुकट दिली. माउस हलवायचा नाही, कळा दाबत पुढे जावयाचे, आणि कानांनी वाचावयाचे.

त्याला दिवाळीला आईसाठी साडी घ्यावयाची होती. मोरपंखी. रंग त्याने डोळे असताना पाहिलेले आहेत, त्यामुळे मोरपंखी म्हणजे काय हे त्याला तुमच्या-माझ्याइतकेच ठाऊक आहे. गावच्या दुकानाचे संकेतस्थळ निघाल्याचे कळले, तेव्हा कुणालाही न सांगता, न विचारता, आपल्या पैशाने आईला चकित करावे असे त्याच्या मनात आले. पण घडले काय? साडीच्या चित्राला शब्दांत काही नावच नव्हते, तेव्हा यंत्र त्याला चित्राच्या फाइलीचा क्रमांक ऐकवू लागले. रंग निवडण्यासाठी नुसती रंगीत वर्तुळे, यंत्र म्हणाले, “बटन, बटन, बटन, बटन.” अंदाजाने एक वर्तुळ दाबून तो पुढे गेला. पैसे भरण्याचे बटन तर कीबोर्डच्या कुठल्याच कळेने हाती लागेना, कारण ते फक्त माउसवाल्यांसाठीच बांधले होते. शेवटी त्याने शेजारच्या कॉलेजातल्या मुलाला बोलावले, त्याला कार्ड दाखवले आणि मोबाइलवर आलेला ओटीपीही त्याच्याच हवाली केला. ‘ओटीपी कुणालाही सांगू नका’ असे जी बँक आपल्याला दर आठवड्याला बजावते, तिचा तो सल्ला पाळण्याची सोयच या गिऱ्हाइकाला ठेवलेली नव्हती.

हे सगळे सांगून झाल्यावर तो हसत म्हणाला, “पण सर, तळाशी एक वाक्य होतं. ते मात्र यंत्रानं न अडखळता वाचलं. भाषा तुमची वाटली.”

वाचकहो, गेली वीस-बावीस वर्षे मी मुलांना ‘खोटे बोलू नये’ हा धडा शिकवीत आलो आहे. त्या पानावर माझ्या विद्यार्थ्याला स्वच्छ वाचता आलेली गोष्ट म्हणजे मी लिहिलेले खोटे!

मी तडक दुकान गाठले. मालकाने मला गादीवर बसवले, चहा मागवला, आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र दाखवले. त्यावर सोनेरी शिक्का होता. “सर, शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण आहेत,” तो म्हणाला. मग संगणकावर कोपऱ्यातले निळे चिन्ह दाखवले. त्यावर टिचकी मारली की अक्षरे मोठी होतात, पडदा काळा होतो, रंग बदलतात. कंपनीने ही एक ओळ जोडून दिली होती. वर्षाची वर्गणी भरली की कायद्याची चिंता मिटली.

गुणांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. आमचा जन्म त्यात गेला. हे अठ्ठ्याण्णव गुण माणसाने दिलेले नाहीत, एका तपासणी-यंत्राने दिलेले आहेत. यंत्राला एवढेच कळते की चित्रापुढे काहीतरी शब्द लिहिलेला आहे की नाही. तो शब्द बरोबर आहे की चूक, हे त्याला कळत नाही. दोनशे साड्यांच्या चित्रांपुढे दोनशे वेळा ‘चित्र’ असे लिहिले, तरी यंत्र खूश! उत्तरपत्रिकेत शाई दिसली की गुण देणारा परीक्षक आमच्या शाळेत असता, तर पालकांनी मोर्चा काढला असता.

आणि ते निळे चिन्ह? माझ्या विद्यार्थ्याजवळ त्याचा स्वतःचा स्क्रीन रीडर आहेच. अक्षरे मोठी करून त्याला काय उपयोग? त्याला हवे आहे ते बटनाला नाव. जे घरच्या बांधणीतच नाही, ते दारावर चिकटवलेल्या तोरणाने कसे येणार? दार बंद ठेवावयाचे आणि त्यावर ‘सुस्वागतम्’ची पाटी ठोकावयाची, असा हा प्रकार आहे.

हे केवळ एका मास्तराचे चिडणे नव्हे. अमेरिकेत ॲक्सेसिबी नावाच्या कंपनीने, आपली एक ओळ जोडली की कुठलेही संकेतस्थळ नियमांत बसते, अशी जाहिरात केली होती. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ साली तो दावा फसवा ठरवला आणि कंपनीला दहा लाख डॉलर भरावयास लावले. त्याच देशात गिलेर्मो रोब्लेस या अंध गृहस्थाला डॉमिनोजच्या संकेतस्थळावरून पिझ्झा मागवता येईना, म्हणून तो कोर्टात गेला. २०१९ साली अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे गाऱ्हाणे ऐकावयासच नकार दिला. युरोपातही २८ जून २०२५ पासून असा कायदा लागू झाला आहे.

“ते परदेशात,” मालक म्हणाला. तेव्हा आपल्या देशाचेच सांगतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा आपला कायदा २०१६ सालचा. त्याच्या ४६व्या कलमात सेवा देणारा सरकारी असो की खासगी, दोघांनाही एकाच दावणीला बांधले आहे. नियम न पाळल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. पण त्याखाली २०१७ साली जो नियम केला, त्याचा सूर ‘केल्यास बरे’ असा होता. राजीव रतूडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमक्या याच ढिलाईवर बोट ठेवले: कायदा म्हणतो ‘केलेच पाहिजे’, मग नियम ‘केल्यास बरे’ कसा म्हणतो? तो नियम न्यायालयाने कायद्याशी विसंगत ठरवला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी दुसरा निकाल आला. ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावयास सांगितले गेले, आणि ते त्यांना शक्यच नव्हते. अंध वकील अमर जैन यांचीही याचिका त्याच सुमारास होती. न्यायालयाने वीस निर्देश दिले, आणि डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले. नवे ॲप किंवा संकेतस्थळ बनवताना अंध व्यक्तींना चाचणीत घेता येईल, हेही त्या निर्देशांत आहे.

माझे भांडण आहे ते इथेच. कायदा जागा झाला, याचा मला आनंद आहे. पण कायदा जागा झाला की त्याच्यामागे एक बाजारही जागा होतो. तो बाजार दुकानदाराला म्हणतो, “तुम्हाला कायद्यातून सोडवतो.” “तुमच्या दारातून गिऱ्हाईक आत आणतो,” असे तो म्हणत नाही. या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात अंध मनुष्य म्हणजे धोका. दुसऱ्यात तो गिऱ्हाईक. मी पाहिलेल्या त्या सगळ्या व्यवहारात कंपनी होती, शिक्का होता, गुण होते, मराठीतला लेखक होता. एकही अंध मनुष्य मात्र नव्हता.

दुकानदारांची बाजू मला कळत नाही असे नाही. मी मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेला मनुष्य. कायद्याच्या भाषेची भीती मलाही वाटते. अमेरिकेत असे हजारो दावे दरवर्षी होतात, आणि त्यांवर पोट भरणारे वकीलही आहेत. आपल्याकडे ते लोण येऊ नये, असे म्हणणाऱ्याशी मी सहमत आहे. परंतु भिऊन खोटे प्रमाणपत्र घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. खरा उपाय पुष्कळदा साधा असतो. प्रत्येक बटनाला नाव द्या. चित्रापुढे ‘मोरपंखी पैठणी, जरीचे काठ’ असे चार शब्द लिहा. सारे काम नुसत्या कीबोर्डने होईल असे पाहा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे छापू नका. चित्रफितीतले बोलणे खाली अक्षरांत द्या. वेळ संपत आली तर मुदत वाढवून मागता येऊ द्या. याचे जागतिक निकष १९९९ पासून लिहिलेले आहेत, आपले भारतीय मानकही आहे. संकेतस्थळ बांधतानाच हे केले तर त्याचा भार फारसा होत नाही. बांधून झाल्यावर भिंती फोडावयाच्या म्हटले की होतो. आणि शेवटी एक-दोन अंध माणसांना मेहनताना देऊन बोलवा, एक साडी विकत घ्यावयास सांगा, आणि गप्प बसून पाहा. तीच परीक्षा, तेच गुण.

“अशी गिऱ्हाइकं किती असणार, सर?” हा प्रश्न त्याने विचारलाच. २०११ च्या जनगणनेत देशात दिव्यांग २ कोटी ६८ लाख होते, आणि त्यांत दृष्टीचे दिव्यांग ५० लाखांवर. शिवाय आपल्या घरातच पाहा. मोतीबिंदू पिकत आलेली आजी, हात कापणारे आजोबा, कमी ऐकू येणारी मावशी यांचे काय? फिकट अक्षरे आणि इवलीशी बटने त्यांनाही छळतात. आणि वाचकहो, साठीनंतर आपणही त्याच रांगेत उभे राहणार आहोत.

एवढे बोलून मी थांबलो होतो. मालक मान खाली घालून प्रमाणपत्राकडे पाहत होता. तेव्हा मी त्याला वर्गाची आठवण दिली. आठवीत तो दुसऱ्या मुलाशेजारी पहिल्या बाकावर बसत असे. फळ्यावरची अक्षरे मित्राला दिसेनाशी झाली, तेव्हा हा हळू आवाजात एकेक ओळ त्याला वाचून दाखवी. बोलतो म्हणून मी एकदा त्याला उभेही केले होते. कारण कळल्यावर बसवले. त्या वेळी त्याला कुणी कलम सांगितले नव्हते, की दंडाची धमकी दिली नव्हती. शेजारी बसलेल्याला दिसत नाही, एवढे त्याला पुरले होते.

तो म्हणाला, “सर, त्यानं मला फोन का नाही केला? मी साडी घरी पोचवली असती.”

मी म्हणालो, “अरे, तुझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन करावा लागतो का?”

त्याने दिवाळीनंतर बघतो असे सांगितले आहे. बघेल, असे मला वाटते. मुलगा वाईट नाही. पण माझे वाक्य तरी आजच काढ, असा मी हट्ट धरला, तेव्हा कंपनीला विचारावे लागेल म्हणाला. हा मजकूर छापखान्यात जाईपर्यंत ते वाक्य तिथेच आहे. म्हणून ते माझे आहे आणि खोटे आहे, हे मी इथे लिहून ठेवतो. साडीची घडी आम्ही मोडलेली नाही; भाऊबीज झाली की ती दुकानात परत जाईल.

आता आपल्याला एकच विनंती. या दिवाळीत घरच्या संगणकावरून काही मागवणार असाल, तर पाच मिनिटे माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅबच्या कळेने पैसे भरण्यापर्यंत पोचता येते का पाहा. पोचता आले नाही, तर दुकानदाराला दोन ओळी लिहून कळवा. कायद्याचे नाव काढू नका. गिऱ्हाईक बाहेर उभे आहे, एवढेच सांगा.

पुण्याहून आलेली साडी त्या मुलाच्या आईने परवा मला दाखवली. चांगली आहे. फक्त ती मोरपंखी नाही, गुलबक्षी आहे. आईने ते त्याला सांगितलेले नाही.