आधीं उत्तरकथा, मागून पूर्वकथा

चित्रपटांची एखादी मालिका घटनांच्या क्रमानें न येतां मागची पुढें आणि पुढची मागें अशी कां यावी, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. विचारणारे बहुधा उत्तरही आपणच देऊन टाकतात: ‘पैशासाठीं!’ हें उत्तर आम्हांस अपुरें वाटतें. आणि त्यावरून निघणारा उपदेश, कीं घरांतील मुलांना असे चित्रपट कालक्रमानेंच दाखवावे, हा तर सर्वस्वी चुकीचा वाटतो.

जॉर्ज ल्यूकस यांच्या ‘स्टार वॉर्स’चेंच उदाहरण घेऊं. पहिले तीन चित्रपट १९७७, १९८० व १९८३ सालीं आले. त्यांची पूर्वकथा १९९९, २००२ व २००५ मध्यें आली. पहिल्या चित्रपटावर ‘चौथा भाग’ हा शिक्का प्रथम नव्हताच. तो १९८१ च्या पुनःप्रदर्शनांत बसला. तेव्हां सारें आधींच योजिलेलें होतें, असें आम्ही म्हणणार नाहीं. दुसरा चित्रपट निघेलच याची शाश्वती नसतां, जी गोष्ट एकटी उभी राहूं शकेल तीच आधीं सांगणें प्राप्त होतें. पूर्वकथेंतील अफाट नगरें पडद्यावर आणण्याजोगें संगणकाचें तंत्र तर १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’च्या सुमारास कोठें आवांक्यांत आलें. येथवर सोय खरी.

परंतु सोयीनें जें घडलें तें कथेच्याही हिताचें झालें. पहिल्या चित्रपटांत ल्यूकला सांगण्यांत येतें कीं, तुझ्या बापाला डार्थ व्हेडरनें मारलें. दुसऱ्यांत तोच व्हेडर आपण त्याचा बाप असल्याचें सांगतो. प्रेक्षक ल्यूकबरोबरच हादरतो. पूर्वकथा आधीं पाहिलेल्यास हा धक्का कोठून बसणार? उलट, शेवट जाणणारा प्रेक्षक पूर्वकथेंतील निरागस बालक पाहतो, तेव्हां ‘पुढें काय?’ या उत्कंठेची जागा ‘हें असें कां झालें?’ ही व्यथा घेते.

‘पण कर्त्यानेंच भागांना क्रमांक दिले आहेत ना?’ असें कोणी म्हणेल. ते क्रमांक घटना कोणत्या क्रमानें घडल्या तें सांगतात. श्रोत्यानें त्या कोणत्या क्रमानें ऐकाव्या, हा प्रश्न निराळा. नैमिषारण्यांत सौति शौनकादि ऋषींस महाभारत सांगूं लागतो, तेव्हां जनमेजयाचें सर्पसत्रही होऊन गेलेलें असतें, आणि कौरवांचा नाश तर आरंभींच कानीं पडतो. म्हणून व्यासांस कोणी अव्यवस्थित म्हटलें आहे काय?

प्रत्येक पूर्वकथा थोर असते, असें आमचें म्हणणें नाहीं. जी केवळ मागल्या फटी बुजविते, ती व्यापारच होय. पण मूल एका गोष्टीनें एकदांच चकित होऊं शकतें. ती संधी व्यवस्थितपणाच्या हव्यासापायीं आईबापांनीं त्याच्यापासून हिरावून घेऊं नये, एवढीच आमची विनंती आहे.