आपल्याच हाताने दिलेला पुरावा

मांजर डोळे मिटून दूध पिते, तेव्हा आपल्याला कोणी पाहत नाही अशी त्याची समजूत असते. समाजमाध्यमांच्या आजच्या युगात माणसाने या मांजरावरही मात केली आहे. तो दूध तर पितोच, शिवाय पितानाचे छायाचित्रही स्वतःच चारचौघांत प्रसृत करतो! गैरमार्गाने मिळविलेला पैसा लपवावा लागतो आणि ऐश्वर्य मिरविण्याची हौस काही स्वस्थ बसू देत नाही. या ओढाताणीत अनेकांचे बिंग त्यांच्याच हातून फुटते.

रेमन अब्बास याचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. दुबईत राहणारा हा नायजेरियन गृहस्थ इन्स्टाग्रामवर ‘हशपपी’ या नावाने प्रसिद्ध होता व त्याचे वीस लाखांहून अधिक अनुयायी होते. आलिशान मोटारी, खाजगी विमाने आणि उंची वस्त्रे यांची छायाचित्रे तो नित्यनेमाने टाकत असे. व्यवसाय विचारल्यास उत्तर होते, स्थावर मालमत्तेचा. प्रत्यक्षात कंपन्यांच्या ई-मेल व्यवहारात शिरकाव करून देयकांची रक्कम भलत्याच खात्यात वळविणाऱ्या टोळ्यांशी त्याचे संधान होते. चोरीची रक्कम जमा करण्यासाठी बँक खाती पुरविणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेला त्याच्या इन्स्टाग्राम खात्याच्या नोंदींतून ई-मेल पत्ता व दूरध्वनी क्रमांक मिळाला. वाढदिवसाच्या केकचे छायाचित्रही त्याची ओळख पटविण्यास उपयोगी पडले. जून २०२० मध्ये त्याला दुबईत अटक झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिस येथील न्यायालयाने त्याला ११ वर्षांहून अधिक कारावास ठोठावला आणि सुमारे १७ लाख डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला.

हा मोठा मासा झाला. परंतु याच जाळ्यात लहान मासेही सापडतात, आणि बँकेत काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांचीच अधिक चिंता वाटते. काही काळापूर्वी एक महाविद्यालयीन विद्यार्थी आपल्या आईसह शाखेत आला. पोलिसांच्या सूचनेवरून त्याच्या खात्यातील व्यवहार थांबविण्यात आले होते. समाजमाध्यमावर भेटलेल्या कोणा ‘मित्राला’ त्याने आपले खाते व डेबिट कार्ड वापरावयास दिले होते. मोबदला होता काही हजार रुपये. “साहेब, त्याला यातले काही ठाऊक नव्हते हो,” असे त्याची माऊली कळवळून सांगत होती. मुलगा मान खाली घालून उभा होता. कारण त्याने आपल्या भ्रमणध्वनीवर नोटांच्या छायाचित्रासह ‘काही न करता पहिली कमाई’ अशी ओळ झळकविली होती, आणि “तुमचेही खाते द्या, कमिशन मिळेल” असे दोन मित्रांना लिहिलेही होते. ‘मला ठाऊक नव्हते’ या बचावाला त्याच्याच शब्दांनी सुरुंग लावला होता.

येथे कायद्याची बाजू ध्यानी घेणे अगत्याचे आहे. गुन्ह्यातून आलेला पैसा जाणीवपूर्वक खात्यातून फिरविण्यास साहाय्य करणे हा मनी लाँडरिंग प्रतिबंधक अधिनियम, २००२ अन्वये गुन्हा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख विहित अटींच्या अधीन राहून पुरावा म्हणून ग्राह्य आहेत. आपण मजकूर पुसून टाकला, तरी कोणीतरी त्याची प्रत आधीच जपून ठेवलेली असू शकते.

यावर कोणी म्हणेल की, मग नागरिकांच्या खाजगी जीवनाचे काय? प्रश्न रास्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला आहे आणि त्याचा आदर झालाच पाहिजे. केवळ छायाचित्रावरून कोणास गुन्हेगार ठरविणे अन्यायाचे होईल. उसन्या मोटारीसमोर उभे राहून ऐट करणे हा काही अपराध नव्हे. परंतु छायाचित्र एक सांगते, खातेउतारा दुसरेच सांगतो आणि प्राप्तिकर विवरणपत्र तिसरेच, अशी विसंगती दिसली की विचारणा होणे स्वाभाविक आहे. ज्याचा हिशेब चोख आहे, त्याला या विचारणेचे भय बाळगण्याचे कारण नाही.

काहीजण यावरून ‘गैरव्यवहार करा, पण गाजावाजा करू नका’ असा सोयीचा बोध घेतील. तो सर्वथा चुकीचा आहे. त्या विद्यार्थ्याने ती ओळ लिहिली नसती, तरी त्याच्या खात्यातून गेलेला पैसा कोणा तरी फसविल्या गेलेल्या माणसाचाच होता. त्या ओळीने केवळ सत्य उजेडात आणले.

म्हणून ग्राहक बंधू-भगिनींना नम्र विनंती अशी की, आपल्या घरातील मुलामुलींशी या विषयावर मोकळेपणाने बोला. आपले खाते, कार्ड व पासवर्ड मोबदल्यासाठी कोणाच्याही हाती देऊ नका. अनोळखी रक्कम खात्यात आली, तर ती परस्पर पुढे न पाठविता तत्काळ शाखेस कळवा. एखाद्या कमाईची बातमी जगाला सांगण्यापूर्वी ती आपल्या आई-वडिलांना निःसंकोच सांगता येईल का, एवढे प्रत्येकाने मनाशी विचारावे. उत्तर नकारार्थी आले, तर ती कमाईच नाकारणे श्रेयस्कर.