कात्री कुणाच्या खिशाला?

आमच्याकडे अटलांटाला पाहुणे आले की मत्स्यालय दाखवून झाल्यावर मी त्यांना विमानतळाजवळच्या डेल्टाच्या संग्रहालयात नेतो. तिथे 'स्पिरिट ऑफ डेल्टा' नावाचे बोइंग 767 उभे आहे. वाईट दिवसांतही कंपनीने पगारवाढ दिली, म्हणून 1982 साली कर्मचाऱ्यांनी आपल्या पगारातून सुमारे 3 कोटी डॉलर जमवून हे विमान कंपनीला भेट दिले. मंडळाच्या गणपतीची वर्गणी गोळा करताना किती फोन करावे लागतात ते आठवले, म्हणजे याचे मोल कळते!

याच कंपनीत पुढे काय घडले? 2001 नंतर विमानधंदा कोसळला, हजारो लोक घरी गेले. आणि 2003 साली उघडकीस आले की निवडक वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या जादा पेन्शनसाठी आदल्या वर्षी वेगळे ट्रस्ट केले गेले होते. कंपनीचे दिवाळे निघाले तरी त्यांना धनकोंचा हात लागू नये, अशी ती सोय होती. सामान्य कर्मचाऱ्याच्या पेन्शनला 1974 च्या एरिसा कायद्याचे संरक्षण असते आणि योजना बुडाली तर पीबीजीसी ही सरकारी संस्था ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे देते. अधिकाऱ्यांच्या जादा पेन्शनला असे छत्र नाही. कंपनी बुडाली की तेही इतर धनकोंच्या रांगेत. ती रांग टाळण्यासाठी ट्रस्ट. इंजिनिअर म्हणून मी रचनेला दाद देतो, फक्त बॅकअप घेतला तो सर्वांत वरच्या मजल्यापुरता.

सप्टेंबर 2005 मध्ये डेल्टाने दिवाळखोरीचा अर्ज केला. जमिनीवरचे कर्मचारी आणि हवाई सेविका यांची पेन्शन गोठवली गेली, म्हणजे साठले ते राहिले, पुढे वाढणे बंद. या लोकांची युनियन नव्हती. वैमानिकांची होती, तरी त्यांची योजना 2006 साली मोडीत निघून पीबीजीसीकडे गेली. तेव्हा युनियन असली की सगळे वाचते असे मी म्हणणार नाही. पण त्याच 2003 साली अमेरिकन एअरलाइन्समध्ये युनियनांनी पगारकपात मान्य केली आणि लगेच अधिकाऱ्यांचे बोनस व असाच ट्रस्ट बाहेर आला. युनियना बिथरल्या, बोनस रद्द झाले, आणि एप्रिलमध्ये प्रमुख डोनाल्ड कार्टी यांना राजीनामा द्यावा लागला. निदान बोलायला टेबल होते. डेल्टाच्या हवाई सेविकांनी 2010 साली अवघ्या 328 मतांनी युनियन नाकारली. तो त्यांचा प्रश्न.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. डेल्टाचे नंतरचे प्रमुख जेराल्ड ग्रिनस्टीन यांच्या काळात 2005 च्या आरंभी 10 टक्के पगारकपात झाली, ती अधिकाऱ्यांसकट. 2007 साली कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली तेव्हा स्वतःला मिळणारी बक्षिसी त्यांनी नाकारली आणि ती रक्कम कर्मचाऱ्यांच्या शिष्यवृत्त्या व अडीनडीच्या मदतीकडे वळवायला लावली.

माझ्या कंपनीचे नाव लिहीत नाही. मागच्या वर्षी आमच्या आरोग्यविम्याचा हप्ता वाढला, डिडक्टिबल वाढले, आणि 401के मधला कंपनीचा वाटा 'तात्पुरता' थांबला. वसंतात भागधारकांचे पत्रक आले, त्यात साहेबांचा बोनस पूर्ण. कॅफेटेरियात कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. ग्रीन कार्डाची फाइल त्यांच्याच हातात, आणि एच-1 वर नोकरी गेली तर दुसरी शोधायला जेमतेम 60 दिवस. मुलाला दमा आहे, त्यामुळे डिडक्टिबल आमच्या घरी जानेवारीपासूनच जाणवते.

कपात कधीकधी अटळ असते, हे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की ती एकाच कागदावर, एकाच तारखेपासून, निदान त्याच टक्क्याने वरपर्यंत लागू व्हावी. आपली कंपनी शेअर बाजारात असेल तर तिचे प्रॉक्सी स्टेटमेंट एसईसीच्या एडगर संकेतस्थळावर फुकट मिळते. 2018 पासून बहुतेक मोठ्या कंपन्यांना त्यात प्रमुखाचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट, तेही द्यावे लागते. विम्याचे फॉर्म भरण्याआधी ते पान जरूर पाहा.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे सर्व कर्मचाऱ्यांची सभा आहे. प्रश्न चिठ्ठीवर देता येतो, नाव घालायची सक्ती नाही. मी लिहून ठेवला आहे.