पत्ता नसलेली विकरे

लायसोसोमची, म्हणजे पेशीतल्या पचनपिशव्यांची, विकरे तयार झाली की गॉल्जी पिंडात त्यांच्या साखरसाखळीतील मॅनोजवर फॉस्फेट चढते. मॅनोज-६-फॉस्फेट ही खूण ओळखणारे ग्राही त्यांना पुटिकांत भरून लायसोसोमकडे धाडतात. काही विकरे तरीही पेशीबाहेर निसटतात. त्यांना पेशीपटलावरचे ग्राही पुन्हा आत ओढतात.

विकरांना लायसोसोमचा पत्ता कसा कळतो, हे कोडे सुटले ते आय-सेल या दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे. हिकमन आणि एलिझाबेथ न्यूफेल्ड या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवले, की रुग्णाच्या त्वचेतील तंतुपेशी निरोगी पेशींची विकरे व्यवस्थित घेतात; रुग्णाच्या पेशींनी बाहेर टाकलेली विकरे मात्र इतर पेशी फारशी घेत नाहीत. म्हणजे घेणाऱ्यात खोट नव्हती, मालावर पत्ताच नव्हता. प्रयोग तसा साधाच, पण इतका नेमका प्रयोग विरळा. ती खूण कोणती, हे १९७७ मध्ये कळले. फॉस्फेट चढवणारे विकरच या रुग्णांत निकामी असते. त्यामुळे रक्तात लायसोसोमची विकरे भरपूर आणि पेशींत न पचलेल्या पदार्थांचे साठे, असा उलटा प्रकार दिसतो.

लायसोसोमचे एखादेच विकर कमी पडते अशा आजारांत ते बाहेरून देता येते. त्यांपैकी पॉम्पे आजारात शिरेतून दिलेले विकर याच ग्राहींच्या वाटेने स्नायूंत शिरते. गोशे आजारात दिलेले विकर महाभक्षी पेशींत जाते ते फॉस्फेट नसलेल्या, उघड्या मॅनोजच्या आधारे. आय-सेलमध्ये एक नव्हे, अनेक विकरे भरकटलेली असल्याने हा उपाय तिथे चालत नाही.